आखाडातल्या रविवारी नवनाथनं सत्तूर ठेवला

माझ्या खानावळीत रश्शाच्या हंडीला माझ्याशिवाय कुणी पळी लावायची नाही. शालनबाईचा हा नियम अख्ख्या काळेवाडीला ठाऊक आहे. एकदा नवऱ्यानं नुसतं झाकण उचललं, तर मी अशी ओरडले की शेजारचे दुकानदार बाहेर आले. तापट आहे मी, असू दे. पोरं कंपनीतून दमून येतात, त्यांच्या पोटाशी खेळ नको.

मटण मी बबनरावांच्या दुकानातून आणते, आणि तेही नवनाथमुळे. हा त्यांच्याकडचा कामगार, धाराशिवकडचा. लाजाळू गडी, पण सत्तूर चालवायला लागला की बघत राहावं. हाडाची एक कपची निघायची नाही. संध्याकाळी लाकडी ठोकळा मीठ लावून खरवडणार, वर कढत पाणी ओतणार, मगच घरी जाणार. नखं तर इतकी बारीक कापलेली की मी चिडवायचे, "मुलगी बघायला निघालायस का रे?" तो मान खाली घालून हसायचा. जेवायला माझ्याकडेच यायचा.

गेल्या आखाडातली गोष्ट. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. चाकणच्या एका कंपनीतले सुपरवायझर धम्मरत्न साहेब, त्यांनी आपल्या शिफ्टच्या पोरांसाठी मटणाचं जेवण सांगितलेलं. "शालनताई, जेवण जमलं तर रोजचे डबे तुमचेच," असं म्हणाले होते. समोर दोन नवी हॉटेलं झालेली, माझी गिऱ्हाइकं गळत चाललेली. हे डबे मिळाले नाहीत तर खानावळीचं शटर कायमचं ओढावं लागणार होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी दुकानावर गेले तर रांग पार रस्त्यापर्यंत. आणि नवनाथ बाहेर, हात पाठीमागे बांधून उभा! आत बबनराव लालबुंद झालेले.

"बघा शालनबाई, बघा याला! आजच्या दिवशी सत्तूर धरत नाही म्हणतोय!"

"का रे, काय झालं?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. रांगेत बायका, पोरी, ओळखीपाळखीचे लोक. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मावशी, रातीपासून जुलाब व्हायलेत मला. मी मटणाला हात लावणार न्हाई."

रांग खो खो हसायला लागली. कुणीतरी शिट्टी मारली. "अरे भावा, गोळी घे आणि काप की!" बबनरावांनी हातमोजे पुढे केले.

"मोजे काढून पळावं तर लागतंयच ना, मालक," तो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. "नवनाथ, अंत बघू नकोस माझा. मटण काय कच्चं खाणारेत का लोक? चांगलं रटरटा शिजवते मी."

"मटण शिजंल, मावशी. पण मटण धुतल्यालं तुमचं हात कांद्याला लागणार, कोथिंबिरीला लागणार. ती कुठं शिजतीया?"

मी आणखीच चिडले.

शेवटी बबनरावांनीच सत्तूर उचलला. बरीच वर्षं नुसता गल्ल्यावर बसलेला माणूस तो, एकेका घावाला धापा टाकत होता. अर्धी रांग दुसऱ्या दुकानाकडे गेली. माझी पिशवी भरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फोडी लहानमोठ्या, आणि कपच्याच कपच्या. त्या वेचता वेचता मी नवनाथला तोंडाला येईल ते बोलत होते.

पंगत उशिरा बसली. धम्मरत्न साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हटलं, गेले डबे! खोटं कशाला बोलू, जे झालं ते सगळं सांगून टाकलं. पोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी कांद्याची कोशिंबीर आणखी मागून घेतली.

"त्या पोराच्याच हातचं मटण आणत जा," ते म्हणाले. "डबे उद्यापासून चालू करा."

दोन दिवसांनी नवनाथ तापानं फणफणला. टायफॉईड निघाला. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच हातांवाटे पसरतो. पंगतीतली ती सगळी पोरं, रांगेतल्या बायका, त्यांची लेकरंबाळं डोळ्यांपुढे आली. मी मऊ भात घेऊन त्याच्या खोलीवर गेले आणि दारातच मला रडू फुटलं. "माझी खानावळ वाचवलीस रे बाबा! तुझे उपकार कसे फेडू?"

"भातात मीठ घातलंय न्हवं?" तो पांघरुणातून म्हणाला. मेल्यानं रडता रडता हसवलं.

तपासणीत पोटात जंतू उरले नाहीत असं निघेपर्यंत तो कामावर गेला नाही. बबनरावांनी कटकट केली, पण त्याच्या जागी दुसऱ्याला कायमचं ठेवलं नाही. त्यांचंही भलं होवो.

परवा यंदाच्या आखाडाचं जेवण होतं. डब्यांच्या जिवावर खानावळ उभी आहे, पंगत दारापर्यंत गेलेली. नवनाथ सवयीनं नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होता. मी हंडीचं झाकण काढलं आणि पळी त्याच्यापुढे धरली. नवरा हातातलं ताट घेऊन तसाच उभा राहिला.

"मावशी, तुमच्या हंडीला..."

"गप रे. रस्सा निवतोय. वाढ पोरांना."

त्यानं पळी घेतली नाही. मागे वळला, नळ सोडला, पुन्हा एकदा हात धुतले आणि मग घेतली.