पुराव्याचं केळं

"पहिले केळं दखाड."

गाडी खडखडते, करकरते, एका बाजूला ओढते, कुठलीही तक्रार घेऊन जा. बॉनेटला हात लावण्याआधी आबा मिस्तरी एवढंच म्हणत आणि तळहात पुढे करत. हायवेवरच्या त्यांच्या गॅरेजसमोर केळ्यांची हातगाडी असे. तिथून पिकलेल्या केळ्यांची एक फणी आणायची. आबा एक केळं डॅशबोर्डवर, दोन मागच्या सीटवर, एक डिकीत असं मांडत, नशिराबादपर्यंत चक्कर मारत आणि परत आल्यावर एकेक सोलून काळे डाग बघत. डाग कुठे आणि केवढा, यावरून कुठलं चाक आजारी आहे ते सांगत. मग पुरावा खाऊन टाकत. बिनडागाचं केळं मात्र गिऱ्हाइकाला परत. "याना जोडे सांगाले काही नही." म्हणजे त्या केळ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

जळगावात केळ्यावरून लग्नं ठरतात, भांडणं होतात. पण केळ्यावरून रोगनिदान करणारा हा एकटाच.

आबा मूळचे धुळ्याकडचे. बोलणं अहिराणी, त्यामुळे कलेक्टर आला तरी तू. त्यांच्या आणखी दोन सवयी होत्या. पाठीमागून बोललेलं त्यांना चालत नसे, "समोर ये, मंग बोल." आणि गाडीखाली शिरले की दहा हाका मारा, उत्तर नाही. याला आम्ही एकाग्रता म्हणत असू. मी तर वर्गात त्यांचं उदाहरण देत असे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. हे आधी सांगितलं नाही, कारण पुढचं वाचून तुम्ही कॉलेजचं नाव विचाराल.

ऐंशीचं दशक संपता संपता मी एक सेकंडहँड काळी गाडी घेतली. गल्लीने तिचं नाव म्हैस ठेवलं. चाकं आणि बॉडी यांच्या सांध्यांत जी बांगडीएवढी रबरं बसवतात, ज्यांना मिस्तरी लोक बुश म्हणतात, ती तिची पार झिजली होती. आबांनी नवी रबरं आणायला सांगितलं. पण त्याच सुमाराला रद्दीच्या दुकानात मला बिनकव्हराचं एक परदेशी मोटारींचं मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं की शर्यतीच्या गाड्यांचे बुश कडक असतात, त्यामुळे गाडी रस्त्याला चिकटून धावते. म्हशीला शर्यतीत उतरवायचा माझा विचार नव्हता. पण ज्ञान खाज आणतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून मी कडक नायलॉनचे बुश कातून घेतले आणि आबांपुढे ठेवले.

आबांनी एक बुश दगडावर आपटून पाहिला. दगडाचा टवका उडाला.

"मास्तर, रबर म्हणजे घरनी सून. बठ्ठं सहन करस, बोलत नही. तू तठे सासू बसाडी राह्यना."

मी त्यांना मासिकातलं चित्र दाखवलं. त्यांनी मुकाट्याने सासू बसवली.

दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन धुळ्याला, सासुरवाडीला निघालो. म्हैस रस्त्याला इतकी चिकटली की रस्त्यात काय काय आहे ते सगळं आम्हाला कळू लागलं. खडी, सांधे, बैलाचा पडलेला नाल. समोरचा कप्पा आपोआप उघडून आम्हाला कागदपत्रं दाखवत होता. एरंडोलपर्यंत बायकोची टिकली कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आली. धुळ्यात सासऱ्यांना हौसेने चक्कर मारायला नेलं, तर ते बोलताना प्रत्येक शब्दाला ताना येऊ लागल्या. साधं "जावईबापू, थांबा" म्हणायला त्यांना एक चौक पुरला नाही. बायको परत एसटीने आली.

मी म्हैस तशीच आबांकडे नेली. सासू काढा, म्हणजे सून बसवा, असं सांगायचं पाठ करून गेलो होतो. पण केळ्याशिवाय सुनावणी नाही. फणी आणली, ती सांभाळत मी मागे बसलो आणि आबांनी नशिराबादचा रस्ता धरला.

परत वळताना एका खड्ड्यात हॉर्नची कुठली तरी वायर कुठे तरी टेकली आणि हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना. मी ओरडलो. पुढचा ट्रक घाबरून कडेला झाला. सायकलवाले उतरून उभे राहिले. एका बैलगाडीचे बैल शेतात शिरले. आबा शांत. मी पुढे वाकून त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात आरशात त्यांचा चेहरा दिसला. नातवाचं पाठांतर ऐकणाऱ्या आजोबांसारखा. ओठांवर हसू, हात स्टिअरिंगवर अलगद, जसा कुणाचा हात हातात घ्यावा. मी हात मागे घेतला.

पाठीमागून बोललेलं का चालत नाही, गाडीखालून उत्तर का येत नाही, आणि मुळात केळं कशाला, हे फिजिक्सच्या मास्तराला कळायला एक अख्खा हॉर्न लागला.

गॅरेजसमोर केळेवाल्याने कानांत बोटं घातली. ती बोटं आबांनी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. बॉनेट उघडून हॉर्नवर तळवा ठेवला, वायर उपटली आणि ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कोणले सांगू नको भो. बहिरा मिस्तरीकडे कोण गाडी लई येई?"

मागच्या सीटवर केळ्यांचं सालीतल्या सालीत शिकरण झालं होतं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. म्हशीच्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, "तुनी गाडी आते बोलस. हाडेसमा बोलस."

आणि माझ्या ओठांकडे बघत थांबले. पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं.

"राहू द्या, आबा," मी म्हणालो. "चांगले बसलेत."

त्यानंतर दर गुरुवारी आबा म्हशीतून चक्कर मारत. कुठला बुश आज कुरकुरतोय, कुठला रुसलाय, घरातली माणसं असल्यासारखं सांगत. गल्लीने मला वेड्यात काढलं. बायकोला मी सांगितलं, हा फिजिक्सचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग फिजिक्सलाच घेऊन जा माहेरी. आयुष्यात माझ्या पोटात टिकलेलं हे एकच गुपित. आबा गाडीखाली असताना कुणी हाक मारली, की बाहेर आलेल्या त्यांच्या पायाच्या तळव्याला मी पान्याने टिचकी मारायचो. एक टिचकी, गिऱ्हाईक. दोन टिचक्या, चहा. एकदा एका जीपवाल्याला शंका आली. म्हातारा ऐकत नाही का, असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, ऐकतात, पण फक्त खरं बोलणाऱ्याचं. तो वरमला. त्याच्या जीपचं केळं त्याच दिवशी काळंठिक्कर निघालं.

आबा शेवटपर्यंत जळगावातले पहिल्या नंबरचे मिस्तरी होते. एका गुरुवारी ते आले नाहीत. बुधवारी हातात पाना होता, असं केळेवाला म्हणाला.

वर्षभर मी म्हशीला हात लावला नाही. मग बायकोने दुसऱ्या मिस्तरीकडून तिला रबरं बसवून घेतली. नशिराबादपर्यंत एकटाच गेलो आणि परत आलो. म्हैस काही बोलली नाही. शेजारच्या सीटवर मी एक केळं ठेवलं होतं. गॅरेजच्या बंद दारासमोर थांबून सोललं.

डाग नव्हता. नियमाप्रमाणे ते गिऱ्हाइकाला परत.

साल पुन्हा लपेटून मी ते डॅशबोर्डवर दोनदा आपटलं. मग पुरावा खाल्ला.