तिशीच्या आतली राजेश्री

धुरपताबाई सोनपेठ तालुक्यातल्या एका गोदाकाठच्या गावात चौदा वर्षांपासून आशाताईचं काम करतात. वय एक्कावन्न, अंगानं काटकुळ्या, चाल अशी की बरोबरच्या माणसाला पळावं लागतं. कुणाच्या घरी टीबीच्या गोळ्या चालू आहेत, कुणाचं लेकरू लसीला चुकलंय, हे त्या वही न उघडता सांगतात.

अलीकडच्या वर्षांत त्यांच्या कामात एका फॉर्मची भर पडली होती. शुगर, बीपी असले जन्मभर चिकटणारे आजार कुणाला व्हायचा धोका आहे, हे त्यावरून काढायचं. वयाचे गुण, तंबाखूचे गुण, कमरेच्या घेराचे गुण, आईबापाला आजार असेल तर त्याचे गुण. बेरीज चारच्या वर गेली की तो माणूस आधी तपासायचा. फॉर्म तीस वर्षं पुरी झालेल्यांचा होता. तिशीच्या आतल्यांना विचारायचं कारण नव्हतं, आणि धुरपताबाईंनी कधी विचारलंही नव्हतं.

राजेश्री सव्वीस वर्षांची होती.

दिवाळी होऊन पाच दिवस झाले होते. बजरंग मुकादमाची टोळी ऊसतोडीला कर्नाटकात निघाली होती आणि शाळेजवळ ट्रक उभा होता. बांबू, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या असं सगळं वर चढत होतं. ही माणसं आता चैतापर्यंत हाती लागायची नाहीत, म्हणून धुरपताबाई उपकेंद्रातून बीपीचं मशीन मागून घेऊन आल्या होत्या. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी बारा जणांचं उरकलं होतं.

तेवढ्यात त्यांची नजर राजेश्रीवर गेली. ती नवऱ्याला, भागवतला, खालून पोतं देत होती. मधेच तिनं पोतं खाली टेकवलं, ट्रकची फळी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

“काय झालं गं?”

“काय न्हाई मावशी. डोकं ठणकायलंय. दिवाळीपासून हायच.”

“डोळ्याला नीट दिसतंय का?”

“मधीच काजवे चमकतात.”

धुरपताबाईंना आठवलं. सहा वर्षांपूर्वी राजेश्रीच्या पहिल्या बाळंतपणात आठव्या महिन्यात तिचं बीपी असंच चढलं होतं, पाय सुजले होते. परभणीला नेऊन मायलेक वाचवले होते. नंतर बीपी उतरलं, आणि सगळ्यांबरोबर धुरपताबाईही ते विसरून गेल्या. गरोदरपणी बीपी चढलेल्या बाईला पुढं जन्मभर जपायचं असतं, असं प्रशिक्षणात एकदा सांगितलं होतं. त्याचा रकाना मात्र कुठंच नव्हता.

त्यांनी तिला ओढतच ओट्यावर बसवलं. मशीननं आकडा दाखवला, एकशे अठ्ठ्याऐंशी. खालचा एकशे सोळा. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं. एकशे ब्याण्णव.

“हिला न्हेता यायचं न्हाई,” त्या म्हणाल्या.

बजरंग मुकादम जवळ आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आवाज मोठा. “आशाताई, गाडी निघायलीय. तुमी काय लावलंय? बीपी खात्यापित्या माणसाला व्हतं. ही तर काडी हाय. दिवसभर राबणाऱ्या पोरीला कुठलं बीपी?” आणि त्यानं स्वतःचाच दंड पुढं केला. “घ्या, माझं घ्या.”

त्याचं आलं एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. माणसं हसली.

“बघा! मला न्हाई अन् तिला हाय. मशीन बिघडलंय तुमचं.”

“मशीनला काय झालं न्हाई. माझं घेऊन दाखवते,” असं म्हणत धुरपताबाईंनी पट्टा आपल्या दंडाला गुंडाळला. पट्टा फुगत असताना त्यांच्या ध्यानात आलं, आपण स्वतःचं शेवटचं कधी मोजलं ते आठवतच नाही.

एकशे चौऱ्याहत्तर. एकशे चार.

“आता तर खात्रीच झाली!” मुकादम म्हणाला. ट्रकवरची माणसंही “चला, चला” करू लागली.

धुरपताबाई आकड्याकडं बघत राहिल्या. व्हय, बिघडलंय, एवढं म्हटलं की सुटका होती. ट्रक निघाला असता, राजेश्री गेली असती, आणि त्यांनाही काही झालेलं नव्हतं असंच ठरलं असतं. त्यांची आई चोपन्नाव्या वर्षी कापूस वेचताना सरीतच पडली होती. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं, तीन वर्षं खाटेवर काढली. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. वयाचे तीन, रोज दाताला लावायच्या तंबाखूच्या मिश्रीचे दोन, आईचे दोन. गावभर फॉर्म भरत हिंडलेल्या बाईचे सात गुण होत होते.

“मशीन बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “बिघडलं असतं तर मुकादमाचं बी वर दावलं असतं. मला बीपी हाय. आत्ता कळलं मला. अन् हिला माझ्याहून जास्त हाय.”

भागवत ट्रकवरून खाली उतरला. “मावशी, कोयता नवराबायकोच्या जोडीचा असतो. ही न्हाई आली तर मी तोडू का मोळ्या बांधू?”

“मी येते की,” राजेश्री म्हणाली. “गोळी घेतली की उतरंल.” तिनं कमरेची गाठ सोडली. आत गोळ्यांची चार पाकिटं होती.

“कसल्या गं या?”

“अंगदुखीच्या. फडात सगळ्याच बाया घेतात. सकाळी एक, दुपारी एक. लय मोळ्या झाल्या तर आणखी एक.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून. सात सीझन झाले.”

मुकादमानं मान फिरवली. ही पाकिटं तोच आणून वाटायचा. पोरींचं अंग दुखतंय म्हणून, चांगल्या मनानंच.

“रोज खाल्ल्या की या गोळ्या किडनी खातात,” धुरपताबाई म्हणाल्या, “अन् बीपी वाढवतात. भागवत, रिक्षा बोलाव. जोडीचं मागून बघू. आधी ही राहू दे.”

भागवत क्षणभर बायकोकडं बघत उभा राहिला. मग रिक्षासाठी रस्त्याकडं पळाला.

सोनपेठच्या वाटेवर राजेश्रीला दोनदा उलटी झाली. “मावशी, मला तुमचं तोंड धुरकट दिसायलंय,” ती म्हणाली आणि तिनं धुरपताबाईंचा हात आवळला. धुरपताबाईंचंही डोकं जड झालं होतं. भीतीनं की आजारानं, ते त्यांना कळेना. “बोलत राहा,” त्या म्हणत राहिल्या. “लेकाचं नाव सांग. शाळेत कितवीला हाय ते सांग.”

दवाखान्यात डॉक्टरांनी हातानं फुगवायच्या मशीननं तपासलं. आकडा एकशे शहाण्णव आला. लघवीत प्रथिनं जात होती. औषध देऊन तासाभरात तिला अँब्युलन्सनं परभणीला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून भागवतला सांगितलं, किडन्यांचं काम निम्म्यावर आलंय. एवढं बीपी घेऊन ती उसाच्या फडात राबली असती तर मेंदूत रक्तस्राव व्हायला फार दिवस लागले नसते.

संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. ट्रक सोलापूरच्या पुढं गेला होता.

“आशाताई, त्या गोळ्यांनीच झालं का हे?”

“एकट्या गोळ्यांनी न्हाई. बाळंतपणातलं बीपी होतं. उन्हात राबायचं अन् पाणी प्यायचं न्हाई, लघवीला आडोसा नसतो म्हणून. खारी चटणी अन् भाकरी. सगळं मिळून.”



“माझ्या गाडीत आणखी अकरा बाया हायत गोळ्या खाणाऱ्या,” मुकादम म्हणाला.

“मग तिथं पोचल्या पोचल्या जवळचा सरकारी दवाखाना हुडका. सगळ्यांचं मोजा, लघवी तपासा. मी रोज फोन करीन.”

त्यांनी खरंच रोज फोन केला. चौथ्या दिवसापासून मुकादम चिडून बोलू लागला. नवव्या दिवशी त्यानं स्वतःहून फोन लावला. अकरापैकी तिघींचं बीपी वाढलेलं निघालं होतं. त्यातली एक तेवीस वर्षांची होती.

धुरपताबाईंना आता रोज सकाळी एक गोळी असते. मिश्री त्यांनी दोनदा सोडली आणि दोनदा पुन्हा लावली. तिसऱ्यांदा सोडून चार महिने झालेत. यंदा टोळ्या निघायच्या आधी त्यांनी अठराच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी मोजलं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

भागवत सेलूला कापसाच्या जिनिंगवर लागलाय, शनिवारी येतो. राजेश्री गावातच शिवणकाम करते आणि दर महिन्याला परभणीला रक्त तपासून येते. किडन्या आहेत तिथंच थांबल्यात. गोळी चुकली नाही तर बरीच वर्षं थांबतील, असं डॉक्टर म्हणतात. मागच्या खेपेला तिनं त्यांना विचारलं, आणखी एक लेकरू होऊ देऊ का. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पुन्हा बघितला. मग म्हणाले, “आत्ता नको. दोन वर्षांनी बघू.”

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. धुरपताबाई शेजारी होत्या. त्यांनी तिला समजावलं नाही. नुसत्या तिला खेटून बसल्या.