पोटभर जेवणाची शेवटची येळवस

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळं. आम्ही तिला आक्का म्हणतो. आमचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते ऊन तापल्यावर परत यायचे. लेकरं बरोबर नेली की त्यांची शाळा सुटायची. माझी सुटू नये म्हणून आक्कानं तिची सोडली आणि मला घेऊन गावातच राहिली. ती इतकी लहान होती की भाकरी थापताना परातीच्या बाहेर पीठ सांडायचं. भाकरीला भेगा पडायच्या, कडेनं करपायची आणि मध्ये कच्ची राहायची. मी ती खायचो आणि आक्का माझ्या तोंडाकडं बघत बसायची. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला माणूस.

लग्न होऊन ती ढोकीजवळच्या एका गावात गेली. मी कॉलेजसाठी धाराशिवला खोली करून राहिलो. आमच्या भागात खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांचे डबे एसटीनं येतात. सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं डब्यांच्या पिशव्या ठेवलेल्या असायच्या. आपापली पिशवी ओळखायची, उचलायची आणि संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा परत द्यायचा. माझा डबा आक्का पाठवायची आणि परत आला की उघडून बघायची. एकदा मला ताप होता म्हणून अर्धी भाकरी तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलायला गेलो तर पिशवीबरोबर गाडीतून आक्काच उतरली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "जेवला न्हाईस तर कळवायचं की रं. रातभर म्या जागी." त्यानंतर मी डब्यात कधी काही ठेवलं नाही. भूक असो नसो, डबा पुसल्यासारखा करून पाठवायचो.

पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शाळेत नोकरी लागली. अंगावर मांस चढू लागलं. आमच्याकडं माणूस जाड झाला असं कुणी म्हणत नाही. 'सुधारला' म्हणतात. आणि वाळला की 'खराब झाला'. आक्काच्या गावात मी एसटीतून उतरलो की पारावरची माणसं म्हणायची, "मास्तर, लई सुधारलाव की!" आक्काच्या तोंडावर असा आनंद यायचा, जणू तिचंच कुणीतरी कौतुक केलंय. ते कौतुक तिचंच होतं.

मी सुधारत गेलो. साखर आली, बीपी आलं, गुडघे बोलायला लागले. बायको म्हणाली, झोपेत तुमचा श्वास थांबतो, मी हलवते तेव्हा परत सुरू होतो. मी ते फारसं मनावर घेतलं नाही. मग एका दुपारी सातवीच्या वर्गात खुर्चीवर बसून शिकवता शिकवता मला झोप लागली. जाग आली तेव्हा तास संपत आला होता आणि सगळी मुलं एकदम गप्प बसलेली होती. सर उठू नयेत म्हणून कुणी वही-पुस्तकाचासुद्धा आवाज केला नव्हता. त्यांनी दंगा केला असता तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात मी सोलापूरच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सांगितलं. आधी काही दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे होते. मी म्हणालो, येळवस होऊ द्या, मग सुरू करतो. डॉक्टर लांबचे. त्यांनी विचारलं, "हे काय असतं?" मी सांगितलं, वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव रानात जाऊन जेवतं. ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे, ते शेवटचं जेवण समजा.

हा 'शेवटचं' शब्द डोक्यात बसला आणि मी एक खुळेपणा सुरू केला. जे जे आवडतं ते एकेकदा शेवटचं खाऊन घ्यायचं. वाशीच्या बाजारात कढईजवळ उभा राहून मिरची भजी खाल्ली. खव्याचे गुलाबजाम घरी आणून पाकासकट संपवले. एका कामासाठी उमरग्याला गेलो तेव्हा हायवेवरच्या ढाब्यावर एकटा बसून मटण मागवलं. रश्शात भाकरी कुस्करली. पोरगेला वेटर येऊन विचारायचा, "साहेब, अजून एक भाकरी?" मी आण म्हणायचो. घाम फुटला होता. शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले माझ्याकडं बघत होते. मला कशाचीच चव लागत नव्हती. चव घ्यायची सोडून मी ती लक्षात ठेवायला बघत होतो, आणि अशी ती राहत नाही. आज त्या मटणाचं मला काहीही आठवत नाही, ट्रकवाले तेवढे आठवतात.

येळवशीला आक्काच्या रानात गेलो. कडब्याची खोप केलेली होती, आत चुन्यानं रंगवलेले पांडवांचे दगड मांडलेले. दाजींनी, म्हणजे आक्काच्या मालकांनी, लांबूनच आवाज दिला, "या मास्तर! खोपीला टेकू नका तेवढं, पुजा व्हायची हाय अजून."

पूजा झाली. आक्कानं माझं ताट केलं. बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे चिंचेच्या आंबट पिठात शिजवलेले. ती दुसऱ्या कुठल्याही दिवशी केली तर अशी होत नाही. शेजारी मडक्यातली गार आंबील.

"आक्का, उद्यापासून मला घट्ट काही खायचं नाही," मी म्हणालो.

"कशापायी?"

"ऑपरेशनच्या आधी पातळच घ्यायला सांगितलंय."

"मंग आंबील पातळच हाय. पी."

दाजी म्हणाले, "डाक्टरला इचारा मास्तर, घागरभर पातळ चालतंय का म्हणावं."

आक्का हसली नाही. "पोटाला नेमकं काय करनार हायती?"

"लहान करणार. आतून पिना मारतात."

"पोटाला चिमटा म्या काढला तवा तू शिकलास. आता तुझ्या पोटाला पिना कुनाच्या शिक्षनापायी?"

दाजींना ठसका लागेपर्यंत हसू आलं. मीही हसलो. मग आक्कानं भज्जीचा डाव हातात तसाच धरून विचारलं, "किती दिस ठेवत्यात त्या पिना?"

मी घास चावत राहिलो. तिनंच उत्तर शोधलं. "माझ्या ऑपरेशनाच्या येळंला टाके आठ दिसांत काढलते. टाके काढले की पोट व्हईल परत व्हतं तेवढं. पुढल्या येळवशीला दुप्पट वाढते, बघ."

मी मान हलवली.

तिनं वाढलं तेवढं मी खाल्लं. पोट भरल्यावरही खाल्लं. उठताना बांधाला हात लावावा लागला. निघताना तिनं मोठा डबा भज्जीनं भरला. "उद्या शिळी लई ग्वाड लागती," म्हणाली. उद्यापासून मला काय खायचं नाही हे तिला तासापूर्वीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बायकोनं आणि मुलीनं ती गरम करून खाल्ली. मी वरणाचं पाणी घेऊन दुसऱ्या खोलीत बसलो. वास भिंतीतून येत होता.

फोनवर खरं सांगायचा प्रयत्न मी रोज केला. फोन उचलल्या उचलल्या ती विचारायची, "जेवलास का?" त्याच्या पुढं मला जाता यायचं नाही. म्हणून भरती होण्याआधी पत्र लिहिलं. आक्का बोट ठेवून, जुळवत जुळवत वाचते. तिला कळावं म्हणून सोपं लिहिलं.

आता ऑपरेशन होऊन गेलंय. वाटीभर खातो. तेवढंही कधी कधी बाहेर येतं. वजन उतरतंय, पण आरशातला माणूस बरा झालेला दिसत नाही. पत्र तिला मिळालं हे दाजींकडून कळलं. आक्काचा फोन येतो, ती शेताचं सांगते, ढोरांचं सांगते. पत्राचं काढत नाही. आता ती 'जेवलास का' विचारत नाही. मी पाठवलं ते पत्र असं:

आक्का,

पाया पडतो. हे पत्र तू एकटी असताना वाच. दाजी हसण्यावारी नेतील.

येळवशीला तू म्हणालीस की टाके काढल्यावर पोट परत मोठं होईल. मी मान हलवली, पण ते खरं नाही. पोटाचा मोठा भाग कापून बाहेर काढून टाकणार आहेत. राहील ते केळ्याएवढं. ते तसंच राहणार, जन्मभर. वाटीभर जेवण, तेही बारीक चावून. जेवताना पाणी नाही. दोन घास जास्त झाले तर उलटी होते.

डॉक्टर म्हणतात गुण येईल. काही जणांचं वजन परत वाढतं, असंही म्हणतात. मला फार आशा नाही. पण झोपेत माझा श्वास थांबतो आणि मुलगी अजून लहान आहे, म्हणून करतोय.

तू खाऊ घातलंस म्हणून हे झालं असं तुझ्या मनात येईल. आणू नकोस. तू खाऊ घातलं नसतंस तर आज माझ्या हातात खडूऐवजी कोयता असता. मी हे कितीही लिहिलं तरी तू ते मनात आणशील, हेही मला माहीत आहे.

मी येईन तेव्हा वाळलेला असेन. तू ताट करशील, मी थोडं चिवडून हात धुईन. तुला वाटेल याला आता आपल्या हातचं गोड लागत नाही. तसं समजू नकोस.

तू करायचीस आणि मी खायचो, यापलीकडं आपण दोघांनी कधी काही केलं नाही. परवा बसल्या बसल्या आठवायला लागलो की तुला स्वतःला काय आवडतं. मला आठवलं नाही. आंबट का गोड, तेसुद्धा नाही. येळवशीला तू कधी जेवलीस तेही मी बघितलं नाही.

आता आपण समोरासमोर बसल्यावर काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

तुझा भाऊ