मामाला बघायला केनियात

माझ्या आईनं पस्तीस वर्षं मेंढरं राखली, पण लांडग्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. आमच्यात ते घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो. त्याला म्हणायचं 'मामा'. 'रात्री मामा येऊन गेला' म्हणजे एक कोकरू गेलं, एवढं समजून घ्यायचं. माझा सख्खा मामा आमच्या गावी, साखऱ्याला, घरी आला की आम्ही पोरं किंचाळत आत पळायचो. का, ते त्या बिचाऱ्याला कुणी कधी सांगितलं नाही.

तर माझा भाऊ केनियात एका साखर कारखान्यात नोकरीला आहे. यंदा दिवाळीच्या सुटीत त्यानं आम्हा मायलेकींना तिकडं बोलावलं आणि विचारलं, काय काय बघायचंय? आई म्हणाली, "मला मामाला बघायचंय."

हा मामा म्हणजे सिंह. लांडग्याला बढती मिळाली होती. मी म्हटलं, कशाला उगाच? तर म्हणाली, "माझी इतकी कोकरं नेली त्यानं. मी निसते पायाचे ठसे पायले. तोंड कदी पायलं न्हाई. ज्याला जलमभर भ्याले, त्यो दिसतो तरी कसा? ह्यो न्हाई तर ह्याचा थोरला तरी पाहू दे." मी भावाला तेच कळवलं.

भावाला रजा मिळाली नाही. त्यानं एका दिवसासाठी जीप ठरवून दिली आणि आम्हा दोघींना पहाटेच बसवून दिलं. ड्रायव्हर उंचापुरा, हसतमुख. तो इंग्रजी बोलणारा आणि मी सेनगावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी, म्हणून भाऊ निर्धास्त होता. माझं इंग्रजी समोरून उत्तर न देणाऱ्या लेकरांपुरतंच आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

घोटाळा जंगलात शिरल्या शिरल्या सुरू झाला. तिकडं 'मामा' म्हणजे आई; वयस्क बाईलाही मानानं तसंच म्हणतात. ड्रायव्हर मागं वळून प्रेमानं म्हणाला, "मामा!"

आई ताडकन उभी राहिली. डोकं जीपच्या टपाच्या दांडीला आपटलं. "कुठंय? कुठंय?"

ड्रायव्हर तिला पाण्याची बाटली देत होता.

मी तिला समजावलं. तिनं मान डोलावली. दहा मिनिटांनी ड्रायव्हरनं जिराफ दाखवायला "मामा, मामा" म्हटलं आणि आई पुन्हा उभी. मग मी ड्रायव्हरला म्हटलं की बाबा, हिला मामा म्हणू नकोस. त्याचा चेहरा पडला. वडीलधाऱ्या बाईला आणखी काय म्हणायचं, असं त्यानं विचारलं. दुपारपर्यंत आईच्या डोक्याला तीन टेंगळं आली होती.

बाकी जनावरांचं तिला काही कौतुक नव्हतं. जिराफ बाभळीसारख्या झाडाचा शेंडा खात होता. आई म्हणाली, "ह्याचं बरंय. आमाला काठीला आकडी बांधून पाला पाडा लागायचा." समोरून रोह्यांसारख्या, म्हणजे नीलगायींसारख्या जनावरांचा हजारोंचा कळप चालला होता. माणसं त्यासाठी सातासमुद्रापलीकडून येतात. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं माय! हितल्या लोकाईचं सोयाबीन काय ऱ्हात असंन?"

ड्रायव्हर वायरलेसवर सारखं 'सिम्बा, सिम्बा' म्हणत दुसऱ्या जीपवाल्यांना विचारत होता. सिम्बा म्हणजे त्यांच्या भाषेत सिंह. आईनं विचारलं, "ह्यो सिंबा कोन हाय? सारखं त्यालाच काहून इचारून राहिला?" सकाळपासून हा माणूस तेच नाव घेतोय, हे सांगायची माझी छाती झाली नाही. त्याचा मित्र आहे म्हटलं.

ऊन उतरायला लागलं तरी सिंह नाही. "मला वळखलं त्यानं. न्हाई येत," आई म्हणाली. मला त्या सिंहाचा मनापासून राग आला. एवढ्या लांबून बाई आलीय, पाच मिनिटं तोंड दाखवायला काय जातं?

परत फिरलो आणि एका झुडपाजवळ आईनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठले. "मामा! मामा! मामा!"

ड्रायव्हरला वाटलं, म्हातारीला काहीतरी होतंय आणि ती आपल्या आईला हाका मारतेय. त्यानं बिचाऱ्यानं जीप अशी काही पळवली की आम्ही दोघी सीटवरून खाली. मला इंग्रजी आठवेना. मी मराठीतच ओरडले, "अहो सिंह! सिंह!" आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. "नाव घिऊ नको, रांडं!" शेवटी तिच्या बोटांच्या फटीतून मी 'सिम्बा' एवढं बाहेर काढलं आणि करकचून ब्रेक लागला.

जीप हळूहळू मागं आली. झुडपाच्या सावलीत सिंह होता. उताणा. चारी पाय वर, तोंड उघडं, पोटावर माशा. आई दांडीला धरून उभी राहिली. पदर सारखा केला आणि एकटक बघत राहिली. तो घोरत होता.

"आजारी हाय का?" तिनं हळूच विचारलं.

मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, नाही, हे असंच असतं, दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढतात. मी तिला सांगितलं.

"रोज?"

"रोज."

आई म्हणाली, "आन् मी ह्याच्यापायी पस्तीस वर्सं जागी राह्यले."

मी हसले. तिच्याकडं बघितलं तर तिचे डोळे भरले होते. माझं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं एकदाही पाठ टेकल्याचं मला आठवेना. लहानपणी मी कधीही जागी झाले तरी ती काठी मांडीवर घेऊन बसलेलीच असायची, आणि मला वाटायचं, आया अशाच असतात.

"चल," ती म्हणाली. "पायलं."

जीप निघाली तशी तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि पाच मिनिटांत तिचा श्वास जड झाला. पुढच्या वळणावर हत्तींचा अख्खा कळप रस्त्यात उभा होता, पिल्लांसकट. ड्रायव्हर मोठ्या उत्साहानं मागं वळला. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं इंजिन बंद केलं, आणि हत्ती गेले तरी आम्ही तिथंच थांबलो.