बिजागरी आणि खांब

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे, काचेची कपाटं आणि भरपूर उजेड होता. मागे पडद्याआड एक अरुंद टेबल होतं, टेबलावर दिवा, आणि दिव्याखाली मान घालून ती. गिऱ्हाइकांना ती कधी दिसायची नाही. मोडलेली दांडी, निसटलेला स्क्रू, ढिली पडलेली बिजागरी असं सगळं एका ट्रेमध्ये आत यायचं आणि दुरुस्त होऊन त्याच ट्रेमधून बाहेर जायचं. मालक भला माणूस होता, पण पडद्याच्या आत यायचं त्याला कधी कारणच पडलं नाही. कित्येकदा अख्खा दिवस तोंड न उघडता जायचा. संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली आणि "लिफ्ट झाली का हो दुरुस्त?" एवढं विचारलं, तरी आपलाच आवाज तिला घोगरा वाटायचा.

पन्नाशी उलटून गेली होती. लग्न झालं नव्हतं, आणि त्यामागे काही मोठी गोष्टही नव्हती. आधी आईचं आजारपण निघालं, मग वडिलांचं, आणि मग विचारणारंच कोणी उरलं नाही. दूरच्या गावी एक थोरली बहीण होती. तिचा फोन आला की ती आधी तब्येत विचारायची आणि मग हमखास कपाटावर यायची.

"काय म्हणतात तुझ्या बाहुल्या?"

"बाहुल्या नाहीत ताई. पैलवान आहेत."

"तेच ते. माणसं सांभाळायच्या वयात प्लॅस्टिक सांभाळतेस."

ताईचं खोटं होतं असंही नाही. दोन खोल्यांच्या त्या घरात कपडे ठेवायला एक कपाट होतं आणि पैलवानांना दोन.

हे वेड वडिलांकडून आलं. ते रात्रपाळीचे पहारेकरी. शनिवारी दुपारी झोपून उठले की चहाचा कप घेऊन टीव्हीपुढे बसायचे, आणि ती त्यांच्या पायाशी. पडद्यावर दोरांच्या चौकोनात मुखवटे घातलेले, अंगाला तेल लावलेले पैलवान एकमेकांना उचलून आपटायचे. "हे सगळं आधी ठरलेलं असतं बरं का," वडील सांगायचे, "पण पडतात मात्र खरंच." आठवडाभरात बापलेकीचं एवढंच काय ते बोलणं व्हायचं, आणि दोघांनाही ते पुरायचं.

वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, जुन्या वस्तूंच्या बाजारात एका टोपलीत तिला वीतभर उंचीचा एक पैलवान दिसला. सगळे सांधे मळाने धरलेले. तिने त्याला घरी आणला आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवला. मग चष्म्याची दांडी हलवावी तसा हलक्या हाताने त्याचा खांदा फिरवून पाहिला. आतून कट् असा बारीक आवाज आला आणि हात वर गेला. घरात दुसऱ्या कोणी हालचाल केल्याला इतके दिवस झाले होते, की ती दचकलीच. मग पुष्कळ वेळ तो हात ती वरखाली करत बसली.

गावात असे शौकीन आणखीही होते. महिन्यातून एकदा रंगाच्या दुकानावरच्या माळ्यावर ते जमायचे. बहुतेक तिच्या भाच्याच्या वयाचे पुरुष. तिला पाहून एकजण लगबगीने खुर्ची आणायचा, "मावशी, बसा," म्हणायचा आणि मग सगळे आपापसांत बोलायला लागायचे. ती बसायची. मान वळवून ऐकायची. चहा पिऊन घरी यायची. मात्र या मंडळींचा फोनवर एक गट होता, आणि तिथे तिची जीभ सुटायची. समोर तोंड नसलं की तिला बोलता यायचं.

त्या गटात एकच वाद बारा महिने चालायचा: पैलवानाला सांधे किती असावेत? ती सांध्यांच्या बाजूची. कोपराला एक पिन असली तर हात काटकोनात अडकतो, दोन असल्या तरच मुठीने हनुवटी झाकता येते, असं ती लिहायची. घोटा आडवाही हलला पाहिजे, नाहीतर पाय फाकवून उभा केलेला गडी तळव्याच्या कडेवर तोलत राहतो. ज्याला समोरच्याच्या मानेला विळखा घालता येत नाही, तो पैलवान कसला, ती तर पाटावर मांडलेली मूर्ती. गटातल्या कोणीतरी तिचं नाव 'बिजागरी' ठेवलं आणि तेच चिकटलं.

तिच्या विरुद्ध बाजूला एकच माणूस ठाम होता. त्याला जुने, एकाच मुद्रेत ओतलेले पैलवान आवडायचे. खांदे फिरले तर फिरले, बाकी अंग एकसंध. त्याला सगळे 'खांब' म्हणायचे. तो माळ्यावर कधी आला नाही. लिहायचा तेही मोजकं, एखादं वाक्य, पण नेमकं वर्मी लागणारं.

"छातीवर सांध्याची चीर पाडलीत की दम कुठे भरायचा त्याने?" त्याने एकदा लिहिलं.

तिने लिहिलं, "न वाकणारा माणूस कुस्ती कशी खेळणार?"

"कुस्ती संपल्यावर जो उभा असतो, तो माझा."

या उत्तरावर ती दुकानात दिव्याखाली एकटीच हसली. नंतर एका सांध्याबद्दल काही विचारायचं निमित्त काढून तिने त्याला फोन केला, आणि मग रविवारी दुपारी फोन करायची रीतच पडली. त्याचा आवाज जाड आणि सावकाश होता. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, असं त्याने सांगितलं होतं. आता भावाकडे राहतो, काम सोडलं. याहून जास्त तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बोलायचे ते पैलवानांबद्दलच. रंगवलेले डोळे बरे की छापलेले, कापडी झगा बरा की अंगातच ओतलेला. दोघंही एकमेकांना अहोजाहो करायची आणि इंचभरही मागे हटायची नाहीत. रविवारी ती सकाळीच कपडे धुऊन, जेवण आवरून मोकळी व्हायची. आपण फोनसाठी केस नीट विंचरतो, हे एकदा तिच्या ध्यानात आलं आणि ती स्वतःशीच लाजली.

असं दोनतीन वर्षं चाललं. मग 'वादळ' नावाच्या मुखवटेवाल्या पैलवानाची नवी आवृत्ती निघाली. वादळ खांबाचा लाडका. नव्या बनावटीत सांधे असे लपवले होते की पिना दिसतच नव्हत्या, मनगटसुद्धा वळत होतं. याच्यापुढे तरी हा गृहस्थ नमेल, असं तिला वाटलं. तिने एक मागवला, दुसऱ्या खोक्यात नीट बांधला आणि पत्ता विचारून त्याला पाठवून दिला.

रविवारी तिनेच विचारलं, "मिळाला?"

"मिळाला. छान आहे."

"कसा उभा केलात?"

तो म्हणाला, "खोक्यातच आहे अजून."

पुढच्या रविवारीही तो खोक्यातच होता. त्याच्या पुढच्याही. खोकं न उघडता ठेवणारे, भाव वाढायची वाट बघणारे लोक तिला मनापासून आवडत नसत, आणि हा त्यातला निघावा याचं तिला फार लागलं. "ठेवा मग तसाच, लोणचं घाला," असं ती बोलून गेली आणि फोन ठेवला. त्यानंतरच्या रविवारी तिने फोन केला नाही. त्याचाही आला नाही. दुपार संपता संपेना. तिने कपाटातले सगळे पैलवान काढले, पुसले, परत लावले, आणि तरी ऊन खिडकीतून हललं नव्हतं. त्याच्याही पुढच्या रविवारी ती उठली, पार्सलच्या पावतीवरचा पत्ता एका कागदावर उतरवला आणि बस पकडली.

दार एका ठेंगण्या, घाईत असलेल्या बाईंनी उघडलं. हातात झाडू.

"मी बिजागरी," ती म्हणून गेली, आणि जीभ चावली.

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "अच्छा, रविवारच्या फोनवाल्या. या ना. मी त्यांची वहिनी." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "भाऊजी, पाहुण्या आल्यात तुमच्याकडे."

आतल्या खोलीत खिडकीजवळ एक मोठा, रुंद खांद्यांचा माणूस खुर्चीत बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि बोटं तळव्यात दुमडून गेलेली. मनगटं सुजून एका बाजूला कललेली. फोन पुढच्या टेबलावर, दुमडलेल्या बोटाच्या पेराने दाबता येईल असा एका ठोकळ्याला टेकवून ठेवलेला. त्याच्या पलीकडे तिचं खोकं, जसं बांधलं होतं तसंच, चिकटपट्टीसुद्धा न उचकटलेलं. भिंतीवरच्या फळीवर त्याचे जुने पैलवान सरळ रांगेत उभे होते.

ती दारातच थांबली. आपण फोनवर सुनावलेलं 'लोणचं' तिला आठवलं आणि कानापर्यंत गरम झालं.

"बसा," तो म्हणाला. "बस मिळाली का लगेच?"

"मिळाली."

वहिनी चहा ठेवायला गेल्या. मग तो खोक्याकडे पाहत म्हणाला, "वहिनीला सांगता आलं असतं. पण तिला दिवसभर माझंच करावं लागतं. जेवायला तिने घालायचं, अंघोळ भावाने घालायची. त्यात आता खेळणं उघडून दे, हे काही माझ्या तोंडून निघेना."

"मला तरी सांगायचं."

"तुम्ही एकट्याच होतात माझ्याशी भांडणाऱ्या," तो म्हणाला. "बाकीचे सगळे जपून बोलतात."

ती फळीकडे पाहत राहिली. त्यानेच पुढे सांगितलं. संधिवाताने हात पहिल्यांदा धरले तेव्हा त्याच्याकडेही पुष्कळ सांध्यांचे पैलवान होते. वहिनी धूळ पुसायच्या तेव्हा कोणाची कंबर मोडायची, कोणाचा पाय मुडपायचा. बिचाऱ्या घाईत तसेच टेकवून ठेवायच्या. मग तो दिवसभर त्या कोलमडलेल्या गड्याकडे बघत बसायचा. उठून सरळ करणं त्याच्या हातात नव्हतं. शेवटी ते सगळे त्याने देऊन टाकले आणि कोणीही, कसंही ठेवलं तरी उभे राहणारे तेवढे घेतले. "छातीवरच्या चिरेचं म्हणाल, तर ते मी नंतर शोधून काढलं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "पण आता मला ते खरंच पटतं."

तिने पर्समधून छोटी कात्री काढली. "उघडू?"

"उघडा की."

तिने चिकटपट्टी कापली, वादळला बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि सवयीने दोन्ही हात वर करायला लागली.

"थांबा," तो म्हणाला. "इतके नाही. उजवाच करा. आणि तोही असा ताठ नको. जिंकायचा तेव्हा तो दमलेला असायचा."

तिने कोपर जरासं मोडलं.

"अजून. मान खाली. आता डावा हात गुडघ्यावर टेकवा, म्हणजे धापा टाकतोय असं वाटेल."

तिची बोटं वळवत गेली आणि तो सांगत गेला. पाट्या रंगवणाऱ्याची नजर होती ती, केसाएवढा फरक पकडायची. छातीचा सांधा पुढे झुकवावा लागला तेव्हा त्याने चिरेबद्दल चकार शब्द काढला नाही. वहिनी चहा घेऊन आल्या आणि टेबलापाशी उभ्याच राहिल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "दमलाय की हो हा."

त्यानंतर ती एका रविवाराआड जायला लागली. घोट्याच्या खाचेत बिनरंगाचं नेलपॉलिश सोडून तिने वादळचे पाय घट्ट केले, म्हणजे पुसताना तो पडू नये. दर खेपेला त्याची मुद्रा बदलायची. खांब सांगायचा, ती वळवायची, आणि दोघं पूर्वीसारखीच भांडायची. बसमधून परत येताना तिला दुपारचं एकेक वाक्य आठवायचं आणि उतरायचा थांबा चुकायचा.

हे एक हिवाळाभर टिकलं. मग भाऊ निवृत्त झाला आणि त्यांनी लांबच्या गावी मुलीजवळ राहायला जायचं ठरवलं. खांबाला विचारायचा प्रश्नच नव्हता. जिकडे भाऊ तिकडे तो. शेवटच्या रविवारी ती गेली तेव्हा फळी रिकामी होती. नव्या घरात खोली लहान, म्हणून जुने पैलवान त्याने गटातल्या एकाला देऊन टाकले होते. वादळ मात्र सोबत जाणार होता. तिने वहिनींना टेबलापाशी बसवून खांदा कसा धरायचा, आधी कंबर मग मान कशी वळवायची ते दाखवलं. वहिनींनी दोनदा हात उलटा फिरवला आणि तिसऱ्यांदा जमवला.

निघताना तो म्हणाला, "माळ्यावर जात चला. आणि नुसत्या बसू नका."

"बघू," ती म्हणाली. आणखी काही बोलायचं होतं, पण मालकासारखंच तिचंही आजवर न बोलता, ट्रेवरच भागत आलं होतं. मोठी वाक्यं तिला कधी जमलीच नाहीत. तिने त्याच्या दुमडलेल्या हातावर हात ठेवला. तो गरम होता. मग तिने आपला हात काढून घेतला.

आता रविवारी फोन होतो, पण बोलतात बहुतेक वहिनीच. तो दुपारचा औषधाच्या गुंगीत असतो. कधी जागा असला तर लांबून त्याचा आवाज येतो, "त्यांना सांग, मनगट ढिलं झालंय." ती इकडून उपाय सांगते. माळ्यावर ती जाते. गेल्या खेपेला एका तरुणाने सांध्यांच्या वादात तिला ओढलं, "मावशी, तुम्ही सांगा, जास्त सांधे चांगले ना?" ती म्हणाली, "कोण हलवणार आहे, ते आधी विचारावं." त्याला ते गमतीचं वाटलं. तो हसला आणि पुन्हा मित्रांकडे वळला.

परवाच्या रविवारी तिने फोन लावला तेव्हा वहिनी कुजबुजत म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठवू का?"

"नको, झोपू दे," ती म्हणाली.

फोन ठेवून ती थोडा वेळ खिडकीशी बसली. खालच्या लाँड्रीतल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं, एका कपाचं.