धनीबाईचा उतारा

रावेरकडच्या त्या गावात विंचू उतरवणारी एकच, धनीबाई. मूळची सातपुड्याच्या पायथ्याची. केळीच्या मजुरीला आली नि इथंच राहिली. तिच्या मंत्राला दोन अटी होत्या. बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं, नाही म्हणायचं नाही. आणि उतरलेली कळ कुणावर तरी टाकायची. कुणावर, ते चावलेल्यानंच सांगायचं.

आता सांगा, माणसं काय करतील? लताबाईनं सासूचं नाव घेतलं. मगननं चुलतभावाचं. एकानं तर एसटीच्या कंडक्टरचं घेतलं, गाडी थांबवली नाही म्हणून. धनीबाई पापणी न हलवता टाकायची. ती काही संत नव्हती. कंडक्टरच्या वेळी तर हसलीसुद्धा. पण नावं घेतली कुणी? गावानं. आणि डाकीण ठरली कोण? धनीबाई. वा रे गाव!

सत्त्याऐंशी साली कौतिकच्या मळ्यातली घड लागलेली केळीची पाचशे खोडं कुणीतरी कापून आडवी पाडली. कौतिकचा थोरला भाऊ गिरधरआबा लगेच म्हणाला, हे डाकिणीचंच काम. मंत्रानं कोयता चालतो का, असं एकाही शहाण्यानं विचारलं नाही. सकाळीच मारुतीच्या पारावर ठरलं, दिवस मावळायच्या आत हिनं झोपडी सोडायची. वीस वर्षांची झोपडी.

हिलाल तिथंच बसला होता. तोही तिच्यासारखाच गावानं कडेला टाकलेला. दर मे महिन्यात केळीवर येणारं वादळ मंत्रानं बांधायचा नि गुपचूप शेजारच्या गावावर सोडायचा. तो खाली मान घालून काडीनं माती उकरत राहिला.

"हिलालभाऊ, वादळ बांधतो तू. तुह्यं तोंड कोनं बांधलं?" धनीबाई म्हणाली.

सभा उठली. गिरधरआबानं पाराखाली काढलेल्या वहाणेत पाय घातला नि मटकन खाली बसला. वहाणेत विंचू, काळा. कळ मांडीपर्यंत चढली आणि सारं गाव धनीबाईकडे बघायला लागलं. जनाची नाही, मनाची तरी लाज असावी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अट ती अट. तिनं आबाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाव सांगा आबा. कोनावर टाकू?"

नाव घेतलं नाही तर कळ उतरवणारीवरच उलटते, असा गावाचा समज. ती तडफडली की गुन्हा सिद्ध. आबानं तेवढ्या दुखण्यातही डोकं चालवलं. कुणाचंच नाव न घेता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या भाऊच्या केळी ज्यानं कापल्या, त्याच्यावर टाक."

धनीबाईनं हात खाली ओढला. कळ उतरली. आबा उठला, दोन पावलं चालला आणि परत कोसळला. या वेळी कळ दोन्ही पायांतून छातीपर्यंत गेली.

कौतिक भावाकडे बघतच राहिला.

"धनीअक्का, उतरव वं," आबा गुरासारखा विव्हळला. मघाची डाकीण आता अक्का झाली.

नाही म्हणायची तिला सोय नव्हती. ती पुन्हा बसली. "नाव सांगा आबा."

आबानं गर्दीवरून नजर फिरवली. आधी कौतिक मागं सरला, मग हिलाल, मग सारं गाव. धनीबाई तेवढी जागची हलली नाही. दिवस मावळायला अजून पुष्कळ अवकाश होता.