माश्यांची नळी आणि माझी उलटतपासणी

वकिली सोडली, तरी वकिलीची सवय सुटली नाही. पत्नीची स्मृती ढळू लागली तेव्हा मी रोज सकाळी, चहापूर्वी, तिची उलटतपासणी घेऊ लागलो. आज वार कोणता? काल जेवायला काय होते? खापा गावात तुझी कोणती बहीण दिली? उत्तरे तारीख घालून फुलस्केपवर उतरवीत असे. ऱ्हासाचे कारण लेखी कळवावे, अशी चार पत्रे डॉक्टरांना धाडली. एकाचेही उत्तर आले नाही. पाचव्याच्या मसुद्यात मी 'निष्काळजीपणा' हा शब्द घातला.

दरम्यान तिने सकाळी स्वयंपाकघराबाहेर येणेच सोडले. एकदा दाराआडून म्हणाली, "रोज रोज काहून विचारून राहिले तुम्ही मले? मी काय चोर आहो?"

तेही मी नोंदवून ठेवले.

माझी पुतणी प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम करते. सडक्या संत्र्यांवर घोंगावतात, त्याच. पाचव्या पत्राचा मसुदा वाचून ती मला तिकडे घेऊन गेली. तिथे तिने दोन काचनळ्या टेबलावर आपटल्या. एकीतल्या तरुण माश्या सरसर वर चढल्या. दुसरीतल्या म्हाताऱ्या तळाशीच राहिल्या. एक अर्ध्यावर पोचली आणि घसरली.

"यांना रोग कोणता?"

"रोग नाही, काका. जंतूंशी लढणारी यंत्रणा म्हातारपणी यांच्या मेंदूत जंतू नसतानाही चालू राहते. झळ मेंदूलाच लागते. माणसांतही असंच होतं, हे मात्र अजून छातीठोक सांगता येत नाही."

"म्हणजे पहारेकऱ्यानेच घर पेटवले. मग प्रतिवादी कोण?"

"कोणीच नाही. आता माश्यांवर नोटीस नका काढू."

संताप अनावर झाला होता, पण तो कोणाच्या नावे काढावा, हे आयुष्यात प्रथमच कळेना. तिने म्हाताऱ्यांची नळी पुन्हा उचलली.

"परत दाखवू?"

"नको. आपटू नकोस त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी फुलस्केप काढला नाही. बऱ्याच वेळाने पत्नी दारात आली.

"आज नाही विचारत?"

"नाही."

"थकले का?"

"हो."

तिने चहा आणला. साखर दोनदा पडली होती. मी हरकत घेतली नाही, आणि कप रिकामा होईपर्यंत ती समोर बसून राहिली.